पाखाडीवर वजन, टेबलावर ताकद

प्रश्न : मी आर्किटेक्ट आहे. देवरूखला राहत्या घराच्या पुढच्या खोलीत माझे कार्यालय आहे आणि आठवड्यातील दोन दिवस मी रत्नागिरीला एका सहकाऱ्याच्या कार्यालयात बसते. माझी बहुतेक कामे चाकरमान्यांच्या गावाकडील घरांची असतात. अलीकडे काही होमस्टेचीही मिळू लागली आहेत. साइट गुहागरपासून राजापूरपर्यंत विखुरलेल्या आहेत आणि प्रवास स्कूटरने किंवा एसटीने होतो. मी ऑटोकॅड आणि स्केचअपमध्ये काम करते व एन्स्केपमध्ये (मॉडेलला खऱ्यासारखे दृश्यरूप देणारे सॉफ्टवेअर) वॉकथ्रू, म्हणजे घरातून फिरल्यासारखे व्हिडिओ, तयार करते. सध्याचा १५.६ इंची लॅपटॉप जुना झाला असून त्याचे ग्राफिक्स कार्ड ४ जीबीचे आहे; दृश्यात झाडे टाकली की तो अडकतो. माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला १८ इंची, ३.३ किलोचा, १२ जीबीच्या आरटीएक्स ५०७० टीआय कार्डाचा, ज्याचा चार्जरच जवळपास किलोभर आहे आणि ज्यासाठी थोडे कर्ज काढावे लागेल. दुसरा १७ इंची, १.४ किलोचा, पण स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेला. तिसरा १६ इंची, २.३ किलोचा, ८ जीबीच्या आरटीएक्स ५०६० कार्डाचा. भाऊ म्हणतो, पाच वर्षांतून एकदा घ्यायचा तर सर्वांत मोठाच घे. मला भीती वाटते की तो घरीच पडून राहील. कोणता घ्यावा? आणि गणपतीआधी घ्यावा की दिवाळीच्या सवलतींसाठी थांबावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुम्ही कामाचे स्वरूप आणि प्रवासाची साधने दोन्ही नीट लिहिलीत, त्यामुळे मोघम उत्तर देण्याची वेळ आली नाही. माझे मत आधीच सांगतो : तुम्ही १६ इंची लॅपटॉप घ्यावा. मात्र तो कसा मांडायचा आणि त्यासोबत आणखी काय घ्यायचे, हे ठरवल्याशिवाय ही निवड अर्धवट राहील. आणि तुमच्या भावाचे म्हणणे एका मुद्द्यावर खरे आहे, त्याचाही विचार करावा लागेल.

मोठा लॅपटॉप निवडताना बहुतेकांच्या मनात एक गृहीतक असते, की यंत्र जिथे जाईल तिथे त्याची सगळी ताकद सोबत येते. प्रत्यक्षात अशा यंत्राची बरीचशी ताकद भिंतीवरील प्लगशी बांधलेली असते. विमानात विशेष परवानगीशिवाय नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॉट-तास आहे आणि उत्पादक सहसा ती ओलांडत नाहीत, म्हणून ३.३ किलोच्या लॅपटॉपमध्येही बॅटरी फार तर ९९ वॉट-तासांची असते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून २०० वॉट खेचू लागले तर ही बॅटरी अर्ध्या तासात संपेल. तसे होऊ नये म्हणून चार्जर काढताच यंत्र स्वतःच आपला वेग खूप खाली आणते. गिऱ्हाइकाच्या ओटीवर, जवळ प्लग नसताना, तुम्ही उघडलेल्या १८ इंची लॅपटॉपमध्ये तुम्ही विकत घेतलेल्या ताकदीचा थोडासाच भाग हाती असेल. वजन मात्र सगळेच्या सगळे तुम्ही तिथवर वाहून नेलेले असेल.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा, की माझे जड काम नेमके कुठे आणि केव्हा होते. तुमच्या बाबतीत उत्तर स्पष्ट दिसते : देवरूखच्या आणि रत्नागिरीच्या टेबलावर. साइटवर तुम्ही मापे घेता, आराखडा उघडून गवंड्याला आणि सुताराला दाखवता, एखादी भिंत सरकवून पाहता. ऑटोकॅडमधील रेखाटन आणि स्केचअपमधील मॉडेलिंग ही कामे प्रामुख्याने प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (गणन करणाऱ्या एका भागावर) चालतात. त्यामुळे ५५ वॉटचा, डझनावारी कोअर असलेला एचएक्स मालिकेचा प्रोसेसर घेतल्याने तुमची रेष लवकर उमटणार नाही. ताकदीचा खरा उपयोग एन्स्केप सुरू केल्यावर होतो.

एन्स्केपच्या कामातही दोन प्रकार वेगळे करायला हवेत. दृश्यात फिरत, प्रकाश आणि साहित्य बदलत तुम्ही स्वतः समोर बसलेल्या असता, तेव्हा यंत्राचा प्रत्येक अडखळा तुमचा वेळ खातो. याउलट ठरलेल्या वॉकथ्रूचा व्हिडिओ तयार होत असतो, तेव्हा तुम्ही जेवायला किंवा झोपायला जाऊ शकता. मोठ्या यंत्राने तो व्हिडिओ दोन तासांत आणि लहान यंत्राने तीन तासांत केला, तरी रात्री अकरा वाजता लावलेले काम सकाळी दोन्हीकडे तयारच असते. चाचण्यांच्या तक्त्यांत दिसणारा फरक बहुतांशी या दुसऱ्या प्रकारच्या कामाचा असतो, आणि त्यासाठी कर्ज काढावे असे मला वाटत नाही. पहिल्या प्रकारच्या कामात ५०६० तुमच्या सध्याच्या कार्डापेक्षा इतके पुढे आहे की तुम्हाला तो फरक पहिल्याच दिवशी जाणवेल.

आता भावाचा मुद्दा. १८ इंची यंत्रात १२ जीबी ग्राफिक्स मेमरी आहे, १६ इंचीत ८. वेग कमी असेल तर काम उशिरा होते. मेमरी अपुरी पडली तर काम होतच नाही, आणि तुमचा आताचा लॅपटॉप नेमका तिथेच अडतो. कोकणातील घराचे दृश्य या दृष्टीने अवघड असते. शहरातील फ्लॅटला चार भिंती पुरतात. इथे मात्र माड, पोफळी, आंबा, फणस, कुंपणाचा गडगा आणि उतरत्या छपरावरची मंगलोरी कौले दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाला घर आपले वाटत नाही. जांभ्याच्या चिऱ्याचे ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचे एक टेक्श्चर (पृष्ठभागावर चढवायचे चित्र) कॉम्प्रेस न करता मेमरीत ठेवले तर ६४ एमबी जागा घेते. त्याच चिऱ्याचे २०४८ बाय २०४८ चे टेक्श्चर १६ एमबीत बसते, आणि अंगणापलीकडून पाहताना दोहोंतील फरक डोळ्याला कळत नाही. झाडांचेही तसेच. एकाच पोफळीच्या दोनशे प्रती लावल्या तर तिची भूमिती मेमरीत बहुतांशी एकदाच साठवली जाते. पण वेगवेगळ्या ठिकाणांहून उतरवलेली वीस जड झाडे स्वतंत्र मॉडेल म्हणून टाकली तर तेवढ्यानेच कार्ड भरून जाऊ शकते. दृश्ये या शिस्तीने बांधली तर घरांच्या आणि लहान होमस्टेच्या कामाला ८ जीबी पुरेल, असे माझे मत आहे. तरी माझ्या शब्दावर विसंबू नका. ज्यांच्याकडे १२ किंवा १६ जीबीचे कार्ड आहे अशा एखाद्या व्यवसायबंधूच्या संगणकावर तुमचे सर्वांत जड दृश्य उघडा आणि टास्क मॅनेजरमधील जीपीयूच्या (ग्राफिक्स कार्डाच्या) पानावर डेडिकेटेड मेमरीचा, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा, आकडा पाहा. तो ६ ते ७ जीबीच्या आत राहिला तर निश्चिंत व्हा. दृश्य हलके करूनही तो ९-१० च्या पुढे जात असेल, तर भाऊ बरोबर आहे आणि तुम्हाला वजनाचा विचार नव्याने करावा लागेल. एक सूचना इथेच करतो : दुकानदार मधला मार्ग म्हणून ५०७० सुचवील, परंतु लॅपटॉपमधील ५०७० वरही मेमरी सहसा ८ जीबीच असते. तुमची अडचण मेमरीची असल्याने ते जादा पैसे फारसे कामी येणार नाहीत.

कार्डाच्या नावावरून आणखी एक फसगत होते. एकाच नावाची चिप वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या वॉटवर चालवली जाते. मागील पिढीतील आरटीएक्स ४०६० ला तर उत्पादकांनी ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठेही बसवावे अशी मुभा होती. पातळ लॅपटॉपमधील कमी वॉटचे कार्ड जाड लॅपटॉपमधील त्याच नावाच्या कार्डाच्या बरेच मागे पडते. म्हणून १६ इंची मॉडेल निश्चित करताना त्या कार्डाला किती वॉट दिले आहेत, हे उत्पादकाच्या तपशिलात शोधा. तिथे आकडा दिलेला नसेल, तर माझ्या मते ते मॉडेल बाजूला ठेवणे योग्य. २.३ किलो हे वजन मला त्यासाठीच पटते : उष्णता बाहेर टाकायला लागणारे तांबे आणि पंखे त्यात मावतात.

पडद्याच्या आकाराबद्दलही इंचांवर जाऊ नये. तुमचा १५.६ इंची पडदा १६:९ प्रमाणाचा असेल, म्हणजे सुमारे ३४.५ सेंटिमीटर रुंद आणि १९.४ सेंटिमीटर उंच. आजचा १६ इंची पडदा बहुधा १६:१० प्रमाणाचा असतो. त्याची रुंदी तेवढीच, पण उंची २१.५ सेंटिमीटर असते, आणि ही उंची जुन्या १७.३ इंची पडद्याइतकीच आहे. आराखडा उभ्या दिशेने जास्त दिसतो आणि लॅपटॉप मात्र सध्याच्या पिशवीत बसण्याची शक्यता राहते. १८ इंची पडद्याचे क्षेत्रफळ १६ इंचीपेक्षा सुमारे २७ टक्के अधिक आहे, हे खरे; परंतु देवरूखच्या टेबलावर २७ इंची क्यूएचडी (२५६० बाय १४४० पिक्सेलचा) मॉनिटर ठेवलात तर क्षेत्रफळ १६ इंची पडद्याच्या पावणेतीन पटींच्या जवळ जाते. तुम्ही दिवसाचे अनेक तास रेखाटन करता, त्यामुळे मानेला आणि डोळ्यांना खरा आराम तोच देईल. १५ ते २० हजारांत चांगला मॉनिटर मिळतो आणि तो लॅपटॉप बदलला तरी उपयोगी राहतो. १८ इंचीसाठी काढायचे कर्ज टाळून त्या पैशातील काही भाग इथे खर्च करावा, हा माझा आग्रह आहे.

वजनाचा विचार आपल्याकडे रस्त्यापुरता होतो. स्कूटरवर पाठीला सव्वाचार किलो काय आणि अडीच किलो काय, असे वाटू शकते. परंतु कोकणात घर रस्त्याला लागून क्वचितच असते. गाडी वर ठेवून जांभ्याची पाखाडी (पायऱ्यांची वाट) उतरत वाडीत जावे लागते आणि काम झाल्यावर उन्हात तीच चढावी लागते. पिशवीत लॅपटॉपबरोबर लेझर मीटर, टेप, नकाशांची गुंडाळी, पाणी आणि पावसाळ्यात रेनकोटही असतो. एसटीत उभ्याने प्रवास करताना ही पिशवी पुढे धरावी लागते. तुम्हाला यात शंका असेल तर दुकानात जाण्यापूर्वी एक प्रयोग करा : आताच्या पिशवीतून लॅपटॉप काढून त्या जागी ४.३ किलो तांदूळ भरा आणि एक आठवडा नेहमीच्या साइट फिरा. पुढच्या आठवड्यात अडीच किलो भरा. पहिल्या आठवड्यात तुम्हाला पिशवी किती वेळा घरी ठेवावीशी वाटली याची नोंद ठेवलीत, तर भावाला वेगळे काही समजावावे लागणार नाही. लॅपटॉप घरी राहिला, की मापे वहीत येतात, संध्याकाळी पुन्हा टाइप होतात, आणि एखादे माप चुकल्याचे घरी आल्यावर कळते. तुमच्या व्यवसायात ही गैरसोय महागात पडणारी आहे.

वर्षाचे चक्रही विचारात घ्या. जून ते सप्टेंबर या काळात बांधकामे मंदावतात आणि तुम्ही टेबलावर अधिक असता. ऑक्टोबरपासून साइट धावू लागतात, आणि गणपतीत व मे महिन्यात चाकरमानी गावी आल्याने एका आठवड्यात कितीतरी कुटुंबांना भेटावे लागते. त्या दिवसांत पिशवी हलकी असणे सर्वांत जास्त मोलाचे ठरते. या भेटींना मोठा पडदा हवा असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण समोर एकटा मालक नसतो. आई, काका, भावजय, सगळेच पाहायला जमतात. तरी १८ इंचही दहा माणसांना अपुरेच पडतील. बहुतेक घरांत आता टीव्ही असतो, म्हणून पिशवीत तीन मीटरची एचडीएमआय केबल ठेवा आणि आदल्या रात्री तयार केलेला वॉकथ्रू त्यावर दाखवा. व्हिडिओ चालवायला कुठलेच ताकदवान कार्ड लागत नाही. कुणी म्हणाले, स्वयंपाकघराची खिडकी पडवीकडे घ्या, तर झाडे आणि टेक्श्चर बंद केलेल्या साध्या पांढऱ्या मॉडेलमध्ये तो बदल करून दाखवा. हे काम १६ इंची यंत्र बॅटरीवरही सहज करील. ओटीवर भर दुपारी काम करणार असाल तर पडद्याची प्रखरता ३०० निट्सवर (निट्स हे प्रखरतेचे माप) न थांबता ४०० ते ५०० निट्स असावी, आणि एसआरजीबी या प्रमाणित रंगपट्ट्यातील १०० टक्के रंग त्यावर दिसावेत. स्वस्त पडद्यांवर जांभ्याचा तांबूसपणा विटकरी किंवा मातकट दिसतो आणि गिऱ्हाईक रंग चुकीचा समजून बसते.

१.४ किलोचा १७ इंची लॅपटॉप मी तुमच्यासाठी वगळतो. लेखन, हिशेब आणि निव्वळ ऑटोकॅड करणाऱ्यांसाठी तो उत्तम आहे, परंतु एन्स्केपसाठी त्यात बळ नाही आणि अशा यंत्रांत रॅम बहुधा बोर्डावरच पक्की केलेली असते, म्हणजे ती पुढे वाढवता येत नाही.

तुम्ही डेस्कटॉपबद्दल विचारले नाही, तरी त्याचा उल्लेख करायला हवा. तुमचे सगळे जड काम एकाच टेबलावर होत असते, तर मी एक चांगला डेस्कटॉप आणि सोबत साधा हलका लॅपटॉप असे सुचवले असते, कारण तेवढ्याच पैशांत डेस्कटॉपवर १६ जीबी मेमरीचे कार्डही घेता येते. पण तुम्ही दोन गावांत बसता. तिथे फायली दोन यंत्रांत विभागल्या की जुन्या आराखड्यावर काम होण्याचा धोका वाढतो. पावसाळ्यात वारंवार जाणाऱ्या विजेसाठी यूपीएसही लागतो, तर लॅपटॉपची बॅटरी ते काम स्वतःच करते.

चार्जरची व्यवस्था नीट लावली तर १६ इंची लॅपटॉपचे वजन साइटच्या दिवशी आणखी कमी होते. यूएसबी-सी पॉवर डिलिव्हरीवर (यूएसबी-सी केबलमधून जास्त वीज देण्याच्या पद्धतीवर) १०० वॉटपर्यंत चार्ज होणारे मॉडेलच निवडा. मग मोठा चार्जर देवरूखच्या टेबलाला कायमचा जोडलेला ठेवा, शक्य असल्यास कंपनीचाच दुसरा रत्नागिरीला ठेवा, आणि पिशवीत लहानसा १०० वॉटचा गॅन (गॅलियम नायट्राइडचा) चार्जर असू द्या. त्यावर एन्स्केप पूर्ण वेगाने चालणार नाही, पण ऑटोकॅड दिवसभर चालेल. मुंबईला कोकण रेल्वेने जाताना डब्यातील सॉकेटवर मोठा चार्जर लावू नका. ते सॉकेट मोबाईलसारख्या लहान भारासाठी असतात. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असला तरी त्यामागे अर्थिंग असेलच असे नाही. धातूच्या कव्हरला हात लावताच मुंग्या येत असतील तर चार्जर काढून बॅटरीवर काम करा. देवरूखच्या घरी इन्व्हर्टर असेल तर तो प्युअर साइन वेव्हचा (वीजमंडळाच्या विजेसारखी सुरळीत वीज देणारा) आहे का, हेही पाहून घ्या.

दमट आणि खाऱ्या हवेचा त्रास प्रत्येक लॅपटॉपला होतो, परंतु मोठे पंखे जास्त हवा आत ओढतात आणि त्याबरोबर धूळ व ओलावाही. गुहागरसारख्या किनाऱ्यावरील साइटवरून आल्यावर लॅपटॉप बंद पिशवीत रात्रभर ठेवू नका. वॉरंटी घेताना ती घरपोच सेवेची आहे का आणि तुमच्या पिनकोडला ती लागू होते का, हे लेखी विचारा. अन्यथा प्रत्येक दुरुस्तीसाठी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावे लागेल. लॅपटॉपवर पाणी सांडणे नेहमीच्या वॉरंटीत बहुधा धरत नाहीत, म्हणून पावसाळी प्रवास पाहता अपघाती नुकसानीचे संरक्षण घेणे मी आवश्यक मानतो.

पाच वर्षांच्या हिशेबाबद्दल इतकेच, की रॅम बदलता येईल असे दोन स्लॉट आणि एसएसडीसाठी (फायली साठवणाऱ्या ड्राइव्हसाठी) दुसरा एम.२ स्लॉट असलेले मॉडेल घ्या. आज ३२ जीबी रॅम असू द्या, पुढे ती ६४ करता येईल. बॅटरीही तिसऱ्या-चौथ्या वर्षी बदलता येईल. ग्राफिक्स कार्ड मात्र बदलता येत नाही. म्हणूनच तुमच्याकडे मोठ्या रिसॉर्टची, लांबलचक ॲनिमेशनची कामे नियमित येऊ लागली आणि तुम्ही साइटवर सहाय्यक पाठवू लागलात, तर त्या दिवशी माझे उत्तर १८ इंचीच्या बाजूने झुकेल. आजच्या कामावरून ती वेळ आली आहे असे मला दिसत नाही.

दिवाळीची वाट पाहू नका. गणपतीत येणारी कुटुंबे तुमच्या वर्षभराच्या कामाचा मोठा वाटा ठरवतात आणि अडकणाऱ्या लॅपटॉपवर त्यांच्यासमोर बसणे सवलतीच्या रकमेपेक्षा महाग पडेल. गणेश चतुर्थीच्या किमान तीन आठवडे आधी खरेदी करा, जुन्या यंत्रावरील सॉफ्टवेअरचे परवाने रीतसर बंद करून नव्यावर सुरू करा, आणि परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी तुमचे सर्वांत जड दृश्य एकदा चार्जर लावून व एकदा काढून चालवून पाहा.